पांढरा शर्ट आणि केळीचा चीक

केळीचा चीक ताजा असतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो. कपड्यावर पडला तरी कळत नाही. रात्र उलटली की तपकिरी होतो, मग काळा, आणि कपडा फाटेपर्यंत जात नाही. आमच्या फैजपूरकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला चिकाची जेवढी भीती वाटायची तेवढी सापाची वाटली नाही. साप निदान दिसतो तरी.

त्याला कारण माझा शाळेचा पांढरा शर्ट. इंग्रजी शाळेत गरिबांच्या मुलांसाठी ज्या मोफत जागा असतात, त्यातली एक मला मिळाली होती. वडील बागेत घड उतरवायला जायचे, आई केळी भरायच्या शेडमध्ये घडाच्या फण्या कापून धुवायला. शर्ट एकच. आई तो रोज संध्याकाळी धुवून दोरीवर टाकायची. फुकटातल्या पोरांना काहीतरी खुसपट काढून घरी पाठवतात, असं तिला शेडमधल्याच कोणी बाईने सांगितलं होतं. खरं की खोटं, देव जाणे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो आमच्या घरी मुक्कामालाच होता.

आईचं माहेर शिरपूरकडचं, बोली पक्की अहिराणी. रोज सकाळी वेणी घालताना ती बजावायची, "तुनी माय काय करस, कोणले सांगू नको." शाळेच्या फाटकापर्यंत ती कधी आली नाही. रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली उभी राहायची. फाटकात कोणी काही विचारलं तर तोंड उघडावं लागेल, आणि तोंड उघडलं की सगळं कळेल, हा तिचा हिशोब.

माझ्या बाकावरची मुलगी हीच माझी एकुलती एक मैत्रीण. माझी आई घरीच असते, असं मी तिला सांगितलं होतं. आई जिथे कामाला जायची ती शेड तिच्याच वडिलांची, हे मला माहीत होतं, तिला नव्हतं. शेजारी बसून मी तिच्या डब्यातलं खायची आणि मनात म्हणायची, हिला कळलं तर?

शाळा सुटली की आई मला न्यायला यायची आणि परत शेडवर घेऊन जायची, कारण घराला कुलूप. शेडमागे नेऊन शर्ट काढायचा, जुना फ्रॉक चढवायचा, मगच आत. एके दिवशी ट्रक भरायला उभा होता, मुकादम सगळ्यांवर खेकसत होता, आणि फ्रॉक आईच्या पिशवीतच राहिला. तेवढ्यात मालकांची गाडी आली. गाडीतून मालक उतरले, मागोमाग माझी मैत्रीण. तिच्याही अंगावर तोच शाळेचा शर्ट.

मी कापलेल्या फण्यांच्या ढिगामागे शिरले आणि अंग चोरून बसले. वरून काहीतरी गार ठिबकत होतं. हलायची सोय नव्हती. पाय अवघडला म्हणून जरा सरकले तर एक फणी घरंगळली.

"कोण आहे तिकडे?" मालकांनी विचारलं.

आई हौदातून हात काढत म्हणाली, "कोणी नही, भाऊ. फण्या घसरन्यात."

कोणी नाही. माझ्यासाठीच ती तसं म्हणाली, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी ढिगामागे मला रडू आलं, आणि रडण्याचा आवाज होईल म्हणून मी शर्टाची बाही तोंडात कोंबली.

त्या संध्याकाळी शर्ट धुतला, स्वच्छ दिसला. सकाळी दोरीवरून काढला तर खांद्यावर तळहाताएवढा डाग. आईने लिंबू चोळलं, रॉकेल चोळलं. डाग तसाच, वर रॉकेलचा वास. घरी राहावं तर न येण्याचं कारण सांगायला घरच्या कोणाला तरी शाळेत यावं लागणार. म्हणून मी जीव मुठीत धरून गेले.

प्रार्थनेनंतर मिसनी खांद्याला धरून विचारलं, "हे काय?"

"चहा सांडला, मिस."

"नाही मिस, चीक आहे तो," माझी मैत्रीण म्हणाली. "आमच्या शेडमधल्या बायकांच्या कपड्यांवर असतो. तो जातच नाही." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. ती फक्त मदत करत होती.

"उद्या आईला घेऊन ये," मिस म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आई ठेवणीतली साडी नेसून आली आणि तिने पहिल्यांदाच ते फाटक ओलांडलं. बोटांच्या भेगांत चीक बसून काळा झालेला, म्हणून दोन्ही हात पदराखाली. मी तोच डागाळलेला शर्ट घालून तिच्या पुढे. मोठ्या मॅडमच्या खोलीत शिरलो तर समोरच्या खुर्चीवर मालक. गॅदरिंगचं काही ठरवायला आले होते.

"अगं, तू इकडे कुठे?" ते आईला म्हणाले. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "आणि ही कोण?"

मला वाटलं, आता आई परत म्हणणार, कोणी नाही. आणि खरं सांगते, माझी मुलगी म्हणाली तर काय होईल याचीही मला तेवढीच धास्ती होती.

आईने पदराखालून हात काढला आणि माझ्या खांद्यावर ठेवला, अगदी त्या डागावर. "मनी पोर शे, भाऊ," ती म्हणाली. "त्या दिन फण्यास्ना मांगे बी हाईच व्हती."

मालक खो खो हसले. "मग तेव्हाच सांगायचं ना! त्यात काय एवढं?" मॅडमही हसल्या आणि म्हणाल्या, शर्ट तेवढा नवीन घ्या. त्यांच्यासाठी गोष्ट तिथेच संपली.

आता मी जळगावला समाजशास्त्र शिकते. शाळेत मुलं एका बाकावर बसली म्हणून सारखी होत नाहीत, असा धडा आला की वर्गातले बाकीचे लिहून घेतात. मी नकळत खांदा चाचपते.

त्या दिवशी मात्र आम्ही फाटकाबाहेर आलो, रस्ता ओलांडला आणि कडुनिंबाखाली पोचल्यावर आई मटकन खाली बसली. मला जवळ ओढून, कोणी ऐकत तर नाही ना हे बघून, ती हळूच म्हणाली, "आते काढतीन का व तुले?"

मी नाही म्हटलं. मला तरी कुठे माहीत होतं.