ओठ हलताना दिसले

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर माझं तोंड होतं. दीड हात उंच. आवाज नाही, नुसतं चित्र. ओठ हलत होते. आम्ही बारा ट्रेनी समोर बसलेलो आणि आमचे सर रिमोट धरून उभे. त्यांनी चित्र मागे नेलं, पुन्हा लावलं. पुन्हा माझे ओठ.

"एनम्मा, काय गं, मंत्र म्हणतेस काय?" सरांनी विचारलं.

सगळे हसले. मीही हसले. शेण खाल्लं मी तेव्हा. त्याची आजही लाज वाटते.

म्हैसूरच्या त्या कंपनीत मी सहा महिने ट्रेनी होते. शेवटी एक परीक्षा. घरी बसून तीन तासांत कोड लिहायचा. तपासणार एक टूल. ते कोड बघतं, आणि कॅमेऱ्यातून लिहिणाऱ्यालाही बघतं. डोळे कुठे गेले, खोलीत दुसरं कोण आलं, ओठ हलले का, म्हणजे कुणाला विचारतोय का. हिरवं आलं की नोकरी कायम. लाल आलं की घरी.

माझ्या कोडला टूलने पैकीच्या पैकी दिले. मला लाल दिलं, ओठ हलताना दिसले म्हणून.

आम्ही शिंपी. पिढ्यान्पिढ्या म्हैसूरचे. घरात मराठी, तीही अर्धी कन्नड. पुढे आईचं ब्लाउज शिवायचं दुकान, मागे एक खोली, त्यातच सगळं. आई कापड बेतताना पुटपुटते, "इथनं घ्यायचं, इथं सोडायचं, बाही मग." तिच्या पायाशी बसून मी शिकले, मीही तशीच. कोड वाचते तो ओठांतल्या ओठांत. सराव परीक्षेत टूलने ओठांसाठी ताकीद दिली, तेव्हा आईचं एक बटण ओठांत धरून बसले. ओठ हलले नाहीत. डोकंही चाललं नाही, सोपा प्रश्न राहून गेला. मग खऱ्या परीक्षेला म्हटलं, ओठ हलले तर हलू देत, प्रश्न सुटले पाहिजेत. आईने तीन तास मशीन बंद ठेवली आणि पायरीवर बसून गिऱ्हाइकं परत पाठवली.

आमच्यातल्याच एका ट्रेनीचं घर सरस्वतीपुरमला, पैसेवाल्यांच्या वस्तीत. स्वतःची खोली, दाराला कडी. त्याने लॅपटॉपच्या पडद्याखाली फोन चिकटवला आणि भावाने पाठवलेली उत्तरं उतरवली. हे त्यानेच कँटीनमध्ये डोसा खाता खाता सांगितलं. त्याला हिरवं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

हसून झाल्यावर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. एक कागद पुढे सरकवला. परीक्षेत मी दुसऱ्याची मदत घेतली, मला खेद आहे. खाली सहीची जागा. सही केली की वर्षाने लाल खूण पुसणार, पुन्हा परीक्षा देता येणार.

मी म्हटलं, "सर, इथेच बसवा मला. नवीन प्रश्न द्या. तुमच्यासमोर सोडवते."

ते कंटाळलेले होते. म्हणाले, "तू मदत घेतली नाहीस, मला माहीत आहे. सहा महिने तुझा कोड मीच बघतोय. पण टूलने लाल दिलं की कारण भरावं लागतं. सुम्ने सही कर, विषय संपव."

सुम्ने. म्हणजे उगीच, आपलं सहज.

तोवर मी टूलवर चिडले होते. मशीनला काय कळतं, अशी स्वतःची समजूत घालत होते. मशीनला माहीत नव्हतं. ह्या माणसाला माहीत होतं. माहीत असून तो मला पेन देत होता. त्याला एक रिकामी चौकट भरायची होती, आणि त्यात घालायला मी स्वस्त होते. सरस्वतीपुरमच्या पोराला लाल आलं असतं तर संध्याकाळच्या आत बापाचा फोन आला असता. माझ्यासाठी कोण करणार? आई? तिला कुणी साहेब दिसला की उठून उभं राहायची सवय.

मी पेन खाली ठेवलं. "नाही करत."

"मग कार्ड दे."

गळ्यातलं कार्ड काढून दिलं. ते त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकलं आणि फोन बघायला लागले.

घरी आई म्हणाली, "अय्यो, करायची होतीस की गं. कागदच तो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार आपल्याला नवा आहे काय?" मी तिच्यावर ओरडले. ती रडली. मी माफी मागितली नाही.

त्याला वर्ष होत आलं. चार ठिकाणी अर्ज केले. तीन ठिकाणी हेच टूल, नाव घातलं की परीक्षेआधीच लाल. चौथ्यांनी विचारलं, आधी कधी ठपका आलाय का? खरं सांगितलं. त्यांनी पुन्हा बोलावलं नाही. आता बसने बन्नूरला जाते, तिथे एका ट्यूशनमध्ये कॉम्प्युटर शिकवते. न्याय मिळेल असं मला वाटत नाही. ते टूल चालूच आहे. नवीन पोरी त्याच्यासमोर ओठ आवळून बसायला शिकतायत.

कंपनीची मेल अजून येते. तोच कागद, तीच रिकामी जागा. मी दर वेळी कळवते, मदत घेतलेली नाही, सही करणार नाही. त्यावर उत्तर येत नाही. न येवो. ही नोकरी गेली, पुढचीही जाईल. मला चोर लिहायचं असेल तर त्यांनी त्यांच्या हाताने लिहावं. माझा हात ते लिहिणार नाही.