साळूबाईनं अंगावर घेतलेले उपास

साळूबाईला तशी कशाची किळस येत नसे. नाशकाजवळ मखमलाबादच्या मळ्यात लग्न होऊन आल्यापासून तिनं शेणखत हातानं पसरलं होतं, मेलेली वासरं ओढून नेली होती, सासऱ्यांच्या शेवटच्या दुखण्यात त्यांची घाण काढली होती. पण १९७८च्या श्रावणात तिला स्वतःच्या घराचीच शिसारी आली.

निमित्त तिच्या धाकट्या दिराचं, भिकनचं. वय तेवीस. दोन वर्षांपूर्वी तो म्हणायला लागला, विहिरीवरच्या मोटरीतून मला कुणीतरी शिव्या देतंय. सगळे हसले. एक दिवस त्यानं पहारीनं मोटरच फोडली, तेव्हा हसणं थांबलं. मग जयरामनं, म्हणजे साळूबाईच्या नवऱ्यानं, त्याला नाशकात डोक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. सकाळ-संध्याकाळ घ्यायच्या गोळ्या मिळाल्या. देताना कंपाउंडर म्हणाला, "रिकाम्या पोटी देऊ नका, पोटात अन्न पाहिजे."

सासू यशोदाबाईंनी एवढं एकच वाक्य पक्कं धरलं आणि गोळ्यांचा डबा स्वतःच्या ताब्यात ठेवला. साळूबाई पहाटेच कोथिंबिरीच्या पाट्या घेऊन नाशकात गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात जायची, उन्हं चढल्यावर परतायची. घरात कोण काय गिळतं, हे बघायला ती असायचीच कुठे?

डॉक्टर झाले, मग देव कसा मागे राहील? गोटीराम भगतानं अंगारा लावला आणि भिकनला उपास लावून दिले. सोमवार, शनिवार, दोन्ही एकादश्या, चतुर्थी आणि अख्खा श्रावण. उन्हाळ्यात भिकन जरा माणसात असे, श्रावणात पार बिघडे. "श्रावणात त्याचं भूत जागं व्हतं," असं गोटीराम सांगे, आणि चार बुकं शिकलेली माणसंही माना डोलावत.

तर त्या श्रावणात भिकन गोठ्यात होता. बैलाच्या दाव्यानं खुंट्याला बांधलेला. मनगटांवर वळ उठून चिघळले होते, त्यावर माशा. गोटीराम येऊन मिरच्यांची धुरी द्यायचा आणि तोंडातली तंबाखूची पिंक त्याच्या अंगावर टाकायचा. भूत बाटतं म्हणे त्यानं! नातेवाईक यायचे, चहा प्यायचे, "बघू तरी" म्हणून गोठ्यात डोकावायचे आणि पदरानं नाक झाकून परतायचे. शाळेतल्या बाईसुद्धा येऊन बघून गेल्या. जाताना म्हणाल्या, "साळूबाई, दोन जुड्या द्या ना. पण त्याच्या हातच्या नकोत हं."

साळूबाईनं जुड्या दिल्या नाहीत.

शेवटी घरात ठरलं. सटाण्याच्या पलीकडे एका बुवाचा मठ होता, तिथे असल्या माणसांना साखळीनं खांबाला बांधून ठेवत. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी भिकनला तिथे सोडायचं. तिथून परत आलेला माणूस कुणी पाहिला नव्हता, आणि तसं विचारावंसंही कुणाला वाटलं नव्हतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी साळूबाई त्याचे कपडे बांधायला बसली. धोतराच्या घडीसाठी तिनं देव्हाऱ्याखालचा कप्पा उघडला, तर आत पत्र्याचा डबा. गोळ्यांनी गच्च भरलेला.

ती तशीच उठली आणि डबा पदराखाली धरून थेट नाशकात डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिली, मठाचंही सांगितलं. डॉक्टरांनी डबा टेबलावर उपडा केला. "या उरल्या कशा? निम्म्या तरी दिल्यात का?"

"मला काय ठावं? सासूबाई देत्यात. उपासाच्या दिशी देत नसतील."

"उपासाला तो काहीच खात नाही?"

"खातो की. ताटभर भगर खातो, दाण्याची आमटी खातो."

"मग पोट रिकामं कसं?"

साळूबाई म्हणाली, "डॉक्टर, भगर म्हंजे अन्न नव्हं. आमच्यात."

डॉक्टर हसले नाहीत. "बाई, त्याला नियमानं गोळ्या द्या. दोन महिने. मग मठात न्यायचं का ते सांगतो."

ती परतली तेव्हा अंगणात बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावणं चाललं होतं. ओट्यावर जयराम, यशोदाबाई आणि गोटीराम. साळूबाईनं डबा त्यांच्यापुढे आपटला.

"आत्याबाई, ह्या काय ठेवणीतल्या रेवड्या का?"

"उपाशीपोटी द्यायची नाय. कंपाउंडरच म्हन्ला," यशोदाबाई म्हणाल्या.

"भगर कुठं जाते मग? पाठीत?"

"भगर काय अन्न हाय गं, भवाने? आन् त्या गोळीत काय कालवत्यात कुणाला ठावं. उपास मोडला तर देव कोपंल."

"कोपायचं काय राह्यलंय? जाऊन बघा गोठ्यात."

गोटीरामानं पिचकारी टाकली. "वयनी, लावलेला उपास मोडता येत नाय. घरादारावर येतं."

जयराम बैलाच्या शिंगाकडे बघत बसला होता. साळूबाईला त्या क्षणी गोटीरामापेक्षा त्याचीच जास्त किळस आली.

"मोडू नका," ती म्हणाली. "मी घेते. घरातल्या दुसऱ्यानं घेतला तर चालतो ना, भगत?"

गोटीराम अडकला. आजारी नवऱ्याचे उपास बायकोवर, म्हाताऱ्या आईचे लेकीवर, असे त्यानंच आजवर कितीजणांना फिरवून दिले होते. "चालतो," तो पुटपुटला.

साळूबाई देव्हाऱ्यापुढे गेली, हातावर पाणी सोडलं, भिकनचे सगळे उपास स्वतःच्या अंगावर घेतले. तिथून सरळ गोठ्यात जाऊन तिनं विळ्यानं दावं कापलं, भिकनच्या पुढ्यात भाकरी-पिठलं ठेवलं. तो जेवला. मग गोळी. "दिवाळीपत्तोर मठाचं नाव काढायचं नाय," ती नवऱ्याला म्हणाली. जयराम म्हणाला, "बरं." त्याच्या तोंडून तेवढंच निघायचं.

दिवाळीला भिकन ओट्यावर बसून जुड्या बांधत होता. केळीचं सोपट भिजवून त्याच्या दोरीनं, एकसारख्या. मोटर चालू असली की अजून कान द्यायचा, पण पहारीला हात लावत नव्हता. आणि गावात काय बोललं गेलं? गोटीरामाचे उपास फळले! यशोदाबाई तर येईल-जाईल त्याला सांगायच्या. ज्यांनी नाक झाकलं होतं, तेच आता साळूबाईच्या पाया पडायला यायचे. गोळ्यांचं ती सांगे, पण कुणाला ऐकायचंच नसे.

आठ वर्षं तिनं ते उपास केले. भीती तिलाही होती. मोडला आणि खरंच काही झालं तर?

१९८६च्या एका सोमवारी इगतपुरीकडची कुसाबाई आली, लुगड्याच्या काठानं लेकीचं मनगट स्वतःच्या मनगटाला बांधून. लेक असेल वीसेक वर्षांची, डोळे खोल गेलेले.

"मावशे, कोणत्या देवाचा उपास धरला व्हता ते सांगा. पोरीला तीन दिवस उपाशी ठिवलीय."

ओट्यावरून भिकन उठला. आत जाऊन स्वतःच्या जेवणाचं ताट घेऊन आला आणि पोरीपुढे ठेवलं. "आधी जेव," तो म्हणाला. "मग डॉक्टरकडं जाऊ. मी येतो संगं."

पोरगी हात लावेना. म्हणाली, "तुमी कुनीच खात नाय. यात कायतरी घातलंय."

साळूबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि तिच्या डोळ्यांदेखत खाल्ला. मग पोरगीनं घास घेतला.

"सोमवार हाय गं, सोमवार!" यशोदाबाई आतून ओरडल्या. "मोडलास?"

"मोडला," साळूबाई म्हणाली आणि दुसरा तुकडा घेतला.

त्यानंतर पंधरा दिवस यशोदाबाई ओट्याच्या कोपऱ्यात बसून भिकनवर नजर ठेवून होत्या, कधी बिघडतो याची वाट बघत. तो बिघडला नाही. पोटचा पोरगा नीट आहे, म्हणून म्हातारीचा चेहरा उतरला होता. साळूबाईनं तो चेहरा पाहिला आणि अंगणात जाऊन थुंकली.