पुलावरचा लिंबाजी

शहाऐंशी साली लिंबाजीनं पुलावरच्या नाक्याचा आडवा बांबू वर-खाली करायची नोकरी धरली आणि गावाच्या शिव्या फुकटात पदरात पाडून घेतल्या. टोल बसवला सरकारनं, खात होता ठेकेदार, पण तोंड दिसायचं लिंबाजीचं. पुलाचा खर्च कवाच वसूल झाला, आता कुणाचं घर भरायलाय, असं जीपवाले त्यालाच खडसावायचे. तो बिचारा मुकाट चिठ्ठी फाडून हातात द्यायचा.

टोल चुकवायला लोकांनीही काय काय अकला लढवल्या! लगीनसराईत माणिकरावानं एका धडधाकट पाहुण्याला धोतराखाली झाकून जीपमधी आडवा केला आणि मयत हाय म्हणून ठोकून दिलं. मयताला टोल नव्हता. लिंबाजीनं हात जोडले, बांबू वर केला. पूल ओलांडल्यावर मयत उठून बिडी ओढायला लागलं. गाव आठ दिवस हसलं. ठेकेदारानं मात्र लिंबाजीचा आठ दिवसांचा पगार कापला, आणि पुन्हा फसलास तर घरी बस, अशी तंबी दिली. हसणाऱ्यांचं काय जातं हो?

पुढच्याच महिन्यात, भर दुपारी, त्याचा शेजारी किशनराव परभणीहून जीप घेऊन आला. मयत हाय म्हणाला. लिंबाजीनं त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं असतं तरी पुरे होतं. पण आता फसायचं न्हाई, एवढंच त्याच्या डोक्यात. त्यानं आत हात घालून चादर ओढली.

आत नर्मदाबाई होती, किशनरावाची आई. चार दिवसांपूर्वी परभणीला लेकीकडं चांगली चालत-बोलत गेली होती. लिंबाजीची आई बाळंतपणात गेली, तेव्हा याच बाईनं एका मांडीवर किशन अन् दुसऱ्या मांडीवर लिंबाजी घेऊन दोघांना अंगावर पाजलं होतं.

चादर परत घालायलाही लिंबाजीला जमेना. ती किशनरावानंच घातली आणि खिशातून दोन रुपये काढले.

"चिठ्ठी फाड, लिंबाजी."

लिंबाजी पाया पडला, नको नको म्हणाला. किशनराव पैसे टेबलावर ठेवून निघून गेला.

लिंबाजी खांदा द्यायला गेला, तर कुणी जागा दिली नाही. दुःखाच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भाकरी नेऊन देतात, त्याला कडू घास म्हणतात. किशनरावाच्या घरी तो द्यायचा मान आजोबा-पणजोबांपासून लिंबाजीच्या घराचा. त्याची बायको बायनाबाई टोपलं घेऊन गेली आणि भरलं टोपलं तसंच परत घेऊन आली. किशनरावानं तिला दारातूनच माघारी लावलं होतं.

हे आता गाईला घालू का, असं तिनं हळूच विचारलं. भिंतीकडं तोंड करून बसलेल्या लिंबाजीनं टोपलं पुढ्यात ओढलं.

"गाईला नगं. माजी बी माय मेलीय," तो म्हणाला, आणि तो कडू घास त्यानं एकट्यानंच खाल्ला.