गढीच्या दारावरचा हात

गढीच्या बुटक्या दारातून कोणी आत शिरू लागलं, की काका चौकटीच्या दगडाखाली आपला पंजा धरायचे. डोकं आपटलंच तर त्यांच्या हातावर. "वाका साहेब. हे दार शत्रूसाठी बांधलंय. दाराला आपली माणसं ओळखता येत नाहीत."

शिवडीच्या टेकडीवरचं ते तटबंदीचं घर कित्येक शतकांपूर्वीचं. एकाहत्तरच्या युद्धात तिथे हवाई हल्ल्यापासून लपायची जागा केली होती. काका नायगावच्या चाळीतले गिरणी कामगार, आणि भोंगा झाला की लोकांना आत घेणारे तिथले वॉर्डन. युद्ध संपलं तरी दार त्यांनी सोडलं नव्हतं. आतल्या भिंतीवर पांढऱ्या रंगात त्यांनीच लिहिलं होतं : 'आसरा. ४० माणसे.'

मी आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट, गढीच्या दुरुस्तीवर सुपरवायझर. रिपोर्टात मी ऐटीत लिहिलं होतं : 'फार खाली, अनाडी हाताने लिहिलेली अक्षरे खरवडून मूळ दगड मोकळा करावा.'

त्यांनी ते वाचलं. "चांगलं लिहिलंय. उभ्याने लिहिलंत की बसून?"

"काका, इथे चाळीस माणसं मावणारच नाहीत. मी टेपने मोजलंय."

"टेप कधी भोंगा ऐकून पळालीय?"

सोमवारी खरवडायचं होतं. रविवारी सकाळी ते अख्खी चाळ घेऊन टेकडी चढले. एक बाई तर भाजीच्या पिशवीसकट. एकेकाला हाताखालून आत सोडत होते. पाठ भिंतीला, गुडघे छातीशी, पोर मांडीवर.

"सरक गो वायच! पाय पसरूक ही काय चौपाटी आसा?"

"मेल्या, एकाहत्तरात मी बारीक होतंय!"

एकोणचाळीस झाले. दाराशी एक जागा उरली.

"काका, बसा."

"वॉर्डन बाहेर असतो. ती तुमची."

बसलो. आणि ती अक्षरं नेमकी माझ्या डोळ्यांसमोर आली. बसलेल्या, घाबरलेल्या माणसाने वाचावीत म्हणून ती तेवढी खाली होती.

ती ओळ मी रिपोर्टातून खोडली. वरचे साहेब तापले. म्हटलं, "साहेब, या. आत बसून बघा." शेवटी अक्षरं राहिली.

असा हट्टी माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. आमचे काका या वर्षी गेले. शोकसभा चाळकऱ्यांनी गढीतच ठेवली. सगळे गुडघे जवळ घेऊन बसले. दाराशी एक जागा उरली.

"या साहेब, बसा ना."

"मी बाहेर आहे," म्हटलं.

कोणीतरी उशिरा, घाईत आलं, वाकलंच नाही. मी चौकटीखाली पंजा धरला. बोटं चांगलीच चेचली. काकांनी कधी हूं की चूं केलं नव्हतं.