कांद्यावरच्या पाच ओळी

काही वर्षांपूर्वी क्रांती चौकाजवळच्या एका सभागृहात आम्हा विज्ञान शिक्षकांना मराठीतल्या एका ऑनलाइन ज्ञानकोशात लेख लिहायला बोलावलं होतं. दीपप्रज्वलन, शाली, नारळ आणि ज्ञानाच्या महासागरावरची चार भाषणं उरकल्यावर प्रत्यक्ष लिहायला वीस मिनिटं उरली. माझ्या वाट्याला कांदा आला. शेजारून जेवणाचा वास येत होता. पाच ओळी खरडून मी पंगतीला पहिला बसलो.

यंदा वैजापूरजवळच्या आमच्या शाळेत टॅब आले. मी वर्गाला बजावलं, "घरच्या ऐकीव गोष्टी सांगू नका. कोशात बघा."

मग चाचणी झाली. तिच्यावरून जिल्ह्याच्या विज्ञान प्रश्नमंजूषेला एकच जण निवडायचा होता. नववीतली एक मुलगी अर्ध्या गुणानं मागं पडली. कांदा हा वनस्पतीचा कोणता भाग, याचं उत्तर तिनं ‘मूळ’ असं लिहिलं होतं. मला ‘खोड’ हवं होतं. मी फुली मारली.

ती टॅब घेऊन आली. "सर, कोशात मूळच हाय."

"अगं, तुमचं अख्खं रान कांद्याचं. तुला कळू नये?"

"कळतंय की. मुळ्या खाली असत्यात, आम्ही कापून टाकतो त्या. पण घरचं सांगायचं नाय म्हणलात ना तुम्ही."

"बघू, कोणत्या गाढवानं लिहिलंय."

तिनं ‘इतिहास’ या शब्दावर बोट ठेवलं. प्रत्येक बदलाशेजारी लिहिणाऱ्याचं नाव कायम राहतं, हे त्या चार भाषणांत कुणीच सांगितलं नव्हतं. मी तर उत्साहानं नावापुढं बी.एस्सी., बी.एड.ही लावलं होतं.

तिनं नाव वाचलं, माझ्याकडं पाहिलं आणि फार अदबीनं म्हणाली, "एका नावाची लई माणसं असत्यात, सर."

मी पूर्ण गुण दिला. मुख्याध्यापक म्हणाले, "पण उत्तर चूक आहे."

"आहे. पण तिचं नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं घरून कांदा आणला आणि प्रयोगशाळेत उभा चिरला. खोड म्हणजे तळाशी एक चकती; आपण खातो ती सगळी पानंच. माझं ‘खोड’ही अर्धंच निघालं. लेख तिनंच दुरुस्त केला. डोळे पुसत मी तिला त्या सभागृहातली हकिकत जेवणासकट सांगितली.

शेवटी एक चौकट आली : बदलाचं कारण.

"काय लिहू, सर?"

"खरं ते लिही."

तिनं लिहिलं : ‘आधीच्या लेखकाला भूक लागली होती.’