दोन रात्रींचा कोट

फाटक्या कपड्याकडे आत्या ज्या नजरेने पाहत, त्या नजरेने इतर माणसे पडून रडणाऱ्या मुलाकडे पाहतात. आधी जवळ घेणे, मग कुठे लागले ते बघणे; कसे लागले ही चौकशी सर्वांत शेवटी. कोर्टामागच्या अरुंद गल्लीत त्यांचे रफूचे दुकान होते. दुकान कसले, दोन खिडक्यांची एक खोली. पुढच्या खिडकीपाशी यजमानांचे इस्त्रीचे टेबल आणि मागच्या खिडकीपाशी आत्यांची खुर्ची. सिगारेटीने भोक पडलेले वकिलांचे काळे कोट, कसर लागलेल्या शाली, खिळ्याला अडकून फाटलेल्या पँटी तिथे येत आणि काहीच न घडल्यासारख्या परत जात. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून आत्या धागे काढत आणि त्या धाग्यांनीच भोक विणून भरत. काम घ्यायला आलेले गिऱ्हाईक कापड उलटसुलट करून रफूची जागा शोधू लागले की यजमान हातातली इस्त्री बाजूला ठेवून म्हणत, "सापडली तर मलाही दाखवा." जागा कुणाला सापडली नाही, आणि यजमानांचा विनोदही कधी बदलला नाही.

अशा शांत कामातून आत्या एकदम गोंगाटात जाऊन पडल्या, त्याला कारण त्यांचा भाचा. भावाचा हा मुलगा लहानपणी इस्त्रीच्या टेबलावर, जेवणाच्या ताटांवर आणि एकदा तर एका वकिलाच्या टोपीवर ताल धरत असे. त्यावरून घरात त्याचे नाव ठोक्या पडले. पुढे तो एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवू लागला, बँड नावारूपाला आला, मोठमोठ्या भिंतींवर त्याचे चित्र लागले. घरात मात्र तो ठोक्याच राहिला. दौऱ्यांमध्ये कपड्यांचे हाल होऊ लागले तेव्हा त्याने आत्यांना सोबत येण्याची गळ घातली. पहिल्याच दौऱ्यानंतर अख्खा बँड त्यांना आत्या आणि त्यांच्या यजमानांना आतोबा म्हणू लागला. कार्यक्रम चालू असताना आत्या मंचामागच्या खोलीत कानात कापूस घालून बसत. गाणी कशी वाटतात, असे कुणी विचारले, तर कापसातून बरी वाटतात, असे प्रामाणिकपणे सांगत.

मग बँडचा स्टेडियममधला कार्यक्रम ठरला. त्याचा अल्बम निघणार होता आणि चित्रपटही. दिग्दर्शिकेने आधीच सगळ्यांना बसवून समजावले. पडद्यावर एकच रात्र दिसेल, पण चित्रीकरण दोन रात्री होईल. पहिल्या रात्री बहुतेक कॅमेरे गायकावर आणि गर्दीवर राहतील, दुसऱ्या रात्री ड्रम आणि गिटारवर. नंतर सगळे एकमेकांत जोडायचे. ठोक्याच्या कानात दोन्ही रात्री एक यंत्र तीच लय टिकटिकत राहणार असल्याने चित्रे एकमेकांवर चपखल बसतील. म्हणून कपडे, केस, अगदी मनगटावरचे पट्टेही दोन्ही रात्री सारखेच हवेत. आत्यांनी मान डोलावली. दोन तुकडे एक भासवणे हे त्यांच्या रोजच्या कामातलेच होते.

गायक एक लांब, गडद लाल, लोकरी कोट घालत असे. कोट एकच होता आणि बँडची ओळखही तोच होता. कार्यक्रमाच्या मध्यावर ठोक्याचे गाणे होते. इतक्या वर्षांत त्याने स्वतः रचलेले ते पहिलेच. त्यात गायक लोकांकडे पाठ करून ड्रमसमोर उभा राहतो आणि शेवटपर्यंत ठोक्याकडे तोंड करूनच गातो, असे ठरले होते. पहिल्या रात्री या गाण्याच्या जरा आधी गायक गर्दीजवळून धावत मंचावर परतला आणि लोखंडी कठड्याच्या आकड्यात त्याचा कोट अडकला. पाठीवर वीतभर फाटला. आतले पांढरे अस्तर बाहेर आले आणि ठोक्याचे अख्खे गाणे ती पांढरी फाट स्टेडियमभर मिरवली. लोकांना वाटले, हेही ठरवूनच केलेले असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या खोलीत कोट खुर्चीवर पडला होता. रफू करा, असे आत्यांना कुणी सांगितले नव्हते. करू नका, असेही नव्हते. खिडकीतून चांगले ऊन येत होते. आत्यांनी खुर्ची उन्हात ओढली, कोटाच्या खालच्या दुमडीतून चार धागे काढले आणि चष्मा पुसला. जेवणाच्या वेळेपर्यंत काम झाले होते. आतोबांनी ओले फडके ठेवून वरून इस्त्री फिरवली. संध्याकाळी गायकाने नेहमीसारखा कोट अंगात चढवला, आणि त्या घाईगर्दीत दुसऱ्या कुणी त्याची पाठ पाहिली नाही. त्या रात्री ठोक्या असा वाजवत होता की आत्यांनी एका कानातला कापूस काढून ठेवला.

चूक कळली ती कित्येक आठवड्यांनी, संकलनाच्या टेबलावर. सांगायला ठोक्या स्वतः दुकानात आला आणि उभ्या उभ्याच बोलला. त्याच्या गाण्यात प्रत्येक दृश्यात कोटाची पाठ होती. गर्दीच्या बाजूने पाहिले तर कोट फाटलेला, आणि त्याच्या हातांकडे कॅमेरा वळला की कोट धड. एका रात्रीची दृश्ये घ्यावीत, तर गाण्याला पुरत नव्हती. दोन्हींची जोडावीत, तर जुळत नव्हती. दिग्दर्शिका ते गाणे चित्रपटातून काढणार होती. अल्बम आणि चित्रपटात गाणी तीच हवीत, असा अल्बम काढणाऱ्या कंपनीचा आग्रह असल्याने ते अल्बममधूनही जाणार होते.

"आत्या, फाटलेलं दिसलं की तुला राहवतच नाही का गं?"

"नाही राहवत," आत्या म्हणाल्या.

आतोबांनी वातावरण हलके करायला, माझं फाटकं बनियन बघून मात्र हिला बरोबर राहवतं, असे म्हणून पाहिले. कुणी हसले नाही. ठोक्या पाणीही न पिता निघून गेला. असे तो आजवर कधी गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आत्यांनी बँडच्या कपड्यांच्या पेटीतून तो कोट मागवून घेतला आणि पिशवीत घालून संकलनाची खोली गाठली. बिनखिडकीच्या एका खोलीत दिग्दर्शिका चार पडद्यांसमोर बसली होती. ठोक्या कोपऱ्यातल्या बाकावर होता. आत्यांनी आपला बेत सांगितला. रफू उसवते, होता तसाच फाडून देते, तेवढं पुन्हा चित्रित करा. बोलता बोलता त्या स्वतःच्याच कामाची जागा शोधू लागल्या. ती बराच वेळ त्यांनाही मिळेना. शेवटी अस्तराच्या बाजूने बोटे फिरवून त्यांनी ती पकडली आणि कात्री काढली. दिग्दर्शिकेने त्यांचा हात धरला. कोट फाडता येईल, पण त्या पाठीमागचे भरलेले स्टेडियम कुठून आणायचे, असे ती म्हणाली. चूक आपलीही आहे, तेही तिने मान्य केले. सारखं ठेवा, एवढंच आपण सांगितलं. मध्येच फाटलं तर काय, ते सांगायचं राहून गेलं.

मग तिने आत्यांना ते गाणे दाखवले, कच्चे जोडलेले. कापसाशिवाय पूर्ण गाणे आत्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. पडद्यावर कोट फाटलेला दिसे, ठोक्याचे हात दिसत, मग कोट धड, मग पुन्हा फाटलेला. गाणे संपल्यावर त्यांनी ते आणखी एकदा लावायला सांगितले.

"यात बिघडलं काय?" त्यांनी विचारले.

"दोन रात्री होत्या, हे लोकांना कळतं ना, आत्या," दिग्दर्शिका म्हणाली.

"होत्याच की दोन." आत्या कोटाची घडी घालू लागल्या. "मी रफू लपवते, कारण वकिलाला तोच कोट घालून पुन्हा न्यायाधीशासमोर उभं राहायचं असतं. तुम्हाला कुणापुढे उभं राहायचंय? दोन्ही रात्री पोरं जीव तोडून वाजवत होती. दिसू दे की."

दिग्दर्शिकेने गाणे मागे नेले आणि एक दृश्य थोडे सरकवले, ड्रमवर काठी पडते त्याच क्षणी कोट बदलेल असे. मग पुढचे सरकवले. तिसऱ्या बदलाला ती स्वतःशीच हसली. कोपऱ्यातून ठोक्या म्हणाला, "तो शेवटचा जरा उशिरा आहे," आणि बाकावरून उठून तिच्या शेजारी जाऊन बसला. आत्यांकडे त्याने पाहिले नाही. पण तिकडे जाताना त्यांच्या हातातली पिशवी घेऊन टेबलावर ठेवली.

कंपनीच्या माणसाला हे मुळीच पटले नाही. लोक दात काढतील, असे त्याचे म्हणणे. बऱ्याच वादानंतर एवढे ठरले की चित्रपट आधी थोड्या प्रेक्षकांना दाखवायचा. ते हसले तर गाणे बाहेर.

त्या खेळाला आत्या, आतोबा आणि ठोक्या शेवटच्या रांगेत बसले. ठोक्याचे गाणे आले. गायकाने पाठ फिरवली, कोट फाटलेला. काठी पडली, कोट धड. पुढच्या रांगांमधून एक हशा फुटला. ठोक्याने मान खाली घातली. पुन्हा काठी, पुन्हा फाटका, हसणारे वाढले. आतोबा हळूच म्हणाले की संपलं. आत्यांनी भाच्याच्या पाठीवर हात ठेवला आणि पडद्याकडे बघत राहिल्या. चौथ्या बदलाला हशा आला तो ड्रमच्या ठोक्याबरोबर, काठी पडण्याच्या नेमक्या क्षणी. पुढच्या वेळी तो हशा नव्हताच. लोक त्या ठोक्याची वाट बघत होते आणि तो आला की खुर्चीच्या हातांवर थाप मारत होते. गाण्याच्या शेवटी सगळे सभागृह वाजत होते. कंपनीचा माणूस मागे भिंतीला टेकून उभा होता. त्याचा पाय तालावर हलताना आतोबांनी पाहिला आणि पुढे कितीतरी दिवस सगळ्यांना ते सांगितले.

ठोक्याने मान वर केली. "आत्या, ऐकलंस?"

"ऐकलं. कापूस नाहीये आज."

गाणे चित्रपटात राहिले आणि अल्बममध्येही. पुढच्या दौऱ्याची तयारी सुरू झाली तेव्हा गायक तो लाल कोट घेऊन दुकानात आला आणि जरा संकोचत बोलू लागला. लोकांना आता ती फाट हवी होती. सगळीकडे तीच मागणी. जिथे फाटला होता तिथेच आत्यांनी व्यवस्थित फाडून द्यावा, एवढेच काम होते.

"फाडायचं काम मला येत नाही, बाबा," आत्या म्हणाल्या. "तू धाव. फाटला तर घेऊन ये."

"मला येतं," आतोबा इस्त्री थांबवून म्हणाले, "पण मग जेवायला तुझ्याकडे यावं लागेल."

गायक हसला आणि कोट उचलू लागला. तेवढ्यात आत्यांनी बाही धरून ठेवली. आतल्या खिशाची शिवण उसवली होती. त्यांनी त्याला स्टुलावर बसायला सांगितले, सुईत दोरा ओवला आणि खुर्ची खिडकीकडे वळवली.