डावखुरा नायक

जुन्या मराठी सिनेमांपैकी कोणते देशाने कायमचे जपून ठेवावेत, हे सुचवणाऱ्या सरकारी समितीवर मला घेतलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद अप्पांना झाला. मी आकुर्डीच्या एका कॉलेजात सिनेमा शिकवते. जन्मभर कंपनीत मशीनवर उभ्या राहिलेल्या माझ्या वडिलांना हे काम आहे, असं आजवर कधी वाटलंच नव्हतं. आता मात्र ते संत तुकाराम नगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ज्याच्या त्याच्या दाराशी थांबून सांगू लागले, "कुठला सिनेमा ठेवायचा, कुठला जाऊ द्यायचा, आमची पोरगी ठरवणार."

"अप्पा, आम्ही फक्त सुचवतो."

"मग सुचव की!" आणि त्यांनी एका विनोदी सिनेमाची गोष्ट सांगितली. आखाड्यातून पळालेला पैलवान, त्याच्या मागावर वस्ताद. "नायक डावखुरा. डाव्या हातानं अशी लगावतो खलनायकाला!"

"उजव्या," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

हे भांडण माझ्यापेक्षा वयाने मोठं आहे. दोघांनीही लग्नाआधी, जयंतीला वस्तीच्या मैदानात लावलेल्या पडद्यावर, एकाच संध्याकाळी तो सिनेमा पाहिला होता.

त्याची एकच प्रत उरली होती. डबा उघडला की आंबूस वास यायचा, म्हणजे फिल्म कुजायला लागलेली. समितीने ती पाहिली. खरं सांगायचं तर सिनेमा भिकार होता. माझ्या शेजारच्या ज्येष्ठ समीक्षकांनी मध्यंतरापर्यंत तग धरला आणि मग डोळे मिटून चिंतन सुरू केलं. थप्पड आली. उजव्या हाताची.

पण त्यानंतर पैलवान सायकलवरून पळतो आणि त्याच्या मागे एका कारखान्याचं गेट उघडतं. शिफ्ट सुटलेली. सायकलींचा लोंढा हायवेवर येतो, दोन्ही बाजूंना नुसती शेतं.

"हे कुठलं चित्रीकरण?" अध्यक्षबाई ताठ बसल्या.

"आमच्या पिंपरीचं," मी म्हणाले. "सेट नाही हा. ही माणसं खरीच कामावरून सुटलीत."

समीक्षकांचं चिंतन संपलं. "एका मिनिटासाठी अख्खा सिनेमा जपायचा?"

"तेवढंच मिनिट कापून ठेवता येत नाही ना," बाई म्हणाल्या. "आणि आपण निवडलेल्या थोर सिनेमांमध्ये ही गर्दी कुठेच नाही."

कलामूल्य, इतिहास, प्रतीची अवस्था यांवर बराच काथ्याकूट झाला. शेवटी शिफारस झाली, शेवटच्या क्रमांकावर.

घरी येऊन मी हाताचा निकाल सांगितला. अप्पा खवळले. "तुमी रीळ उलटं घातलं आसंल!"

आईने शांतपणे विचारलं, "अहो, त्या दिवशी तुम्ही बसला होता कुठं?"

"गडीमाणसं बसायची तिथंच. पडद्याच्या मागं."

पडदा पातळ कापडाचा, चित्र दोन्हीकडून दिसायचं. मागून बघणाऱ्याला सगळंच उलटं. मला हसू आवरेना. "अप्पा, दुकानांच्या पाट्या उलट्या दिसल्या नाहीत?"

"तिथं वाचायला कोण गेलं हुतं!"

पुढे प्रत दुरुस्त झाली आणि पुण्यात तिचा एक खेळ लावला. अप्पांनी कंपनीतले तीन जुने मित्र सोबत घेतले. चौघं इस्त्रीच्या शर्टात, शाळा तपासायला आल्यासारखे बसले. गेट उघडलं, सायकली सुटल्या, आणि एक मित्र चक्क उभा राहिला.

"त्यो मी! क्यारेजला डबा लावल्याला!"

"डबा सगळ्यांच्याच क्यारेजला हाय," दुसरा म्हणाला.

"त्यो तू न्हाईस," अप्पांनी निकाल दिला. "तू तवा चाकणला बापाच्या रानात कांदं लावत हुतास."

मागून कुणीतरी "बसा हो काका" म्हणालं. तेवढ्यात ते दृश्य सरलंही. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं, वाद अंधारात मिटण्यातला नाही हे ओळखलं आणि ओळीने उठून चहाला गेले. बाहेरून त्यांचे आवाज येत राहिले. कोण कुठल्या शिफ्टला होता, कुणाची सायकल कुठली. मधूनच कुणीतरी एखाद्या गेलेल्या सोबत्याचं नाव घ्यायचं आणि आवाज खाली यायचे.

आत आई आणि मी शेवटपर्यंत बसलो. दिवे लागले तशी तिने पदर सारखा केला.

"बरा होता गं," ती म्हणाली. "त्यातल्या हिरॉइनच्या साड्या छान होत्या."